‘बार उडवून टाकू’

“हे इंग्लिश बरोबर आहे का, एवढंच सांगा,” मिस्टर हॅरिस म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

कागदावर चारच वाक्यं होती. फोनवर सगळं बोलता येत नाही. मे महिन्यात आपण बार स्फोटाने उडवून देऊ. सामान मी इथून पाठवतो. माणसं किती असतील ते आधी कळव.

मी ती पुन्हा वाचली. मुंबईच्या हॉटेलांवर हल्ला होऊन काही महिनेच झाले होते आणि मी दादरची. इथे दुबईत आम्ही बसलो होतो तेही एक मोठं हॉटेलच होतं. त्याच्या गच्चीवरचा बार दुरुस्तीसाठी बंद होता आणि मे महिन्यात पुन्हा उघडणार होता. त्यात मंदी. हॉटेलने नुकतीच बरीच माणसं काढली होती, उरलेली धास्तावलेली होती.

मी ‘बर दुबई’ या जुन्या भागातल्या एका लीगल ट्रान्सलेशन ऑफिसात काम करायचे. करारनामे, जन्मदाखले, कोर्टाचे कागद. त्या दिवशी आमच्या इजिप्शियन मालकांनी, नबीलसाहेबांनी, मला टेबलावरून उठवलं. “यल्ला, चल लवकर, टॅक्सी खाली उभी आहे. मराठी ऐकायचंय, अर्जंट.” हॅरिस हे हॉटेलने नेमलेले सिक्युरिटी कन्सल्टंट. आधी सैन्यात होते, इराकमध्ये इंटेलिजन्सचं काम केलेलं. हॉटेलच्या स्टाफचे फोन रेकॉर्ड व्हायचे. त्यातले संशयास्पद शब्द टिपायचं काम त्यांचं.

“मला मूळ आवाज ऐकवा,” मी म्हटलं.

त्यांनी क्लिप लावली. आवाज मध्यमवयीन, सूर कोकणी. “फोनवर काय काय बोलू? मे महिन्यात बार उडवूनच टाकू. सामान मी इथून पाठवतो. माणसं किती ती आधी सांग.”

मी हसले. हॅरिस हसले नाहीत.

“हा लग्नाचा बार आहे,” मी सांगितलं. “आमच्यात लग्नाचा बार उडवायचा म्हणजे लग्न उरकून टाकायचं. भाषांतर कुणी केलं?”

“हिंदी येणाऱ्या माणसाने. शब्द चुकलेत का?”

“शब्द एकही चुकलेला नाही.”

“म्हणजे तो लग्नाबद्दल बोलतोय?”

“हो.”

त्यांचा चेहरा आणखी कठोर झाला. “मॅडम, आमच्या फाइलींमधले अतिरेकी हल्ल्याला ‘वेडिंग’च म्हणतात. तारीख, पाहुणे, सामान, सगळं लग्नाच्याच भाषेत असतं.”

मी सोडवायला गेले आणि त्या माणसाला आणखी अडकवून बसले.

“शिवाय फोनवरचा हा अश्रफ मुस्लिम आहे. मराठी कसा बोलतो?”

“बोलण्यावरून रत्नागिरीचा आहे. दुसरं काय बोलणार?”

“आणि तुम्हीही त्याच राज्याच्या.”

मी आपल्या माणसाला पाठीशी घालतेय, असा त्याचा अर्थ होता. राग आला, पण त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. मी पूर्ण रेकॉर्डिंग मागितलं. ते म्हणाले, सिस्टिम फक्त संशयास्पद भाग ठेवते, बाकीचं पुसून टाकते. दुपारनंतर रिपोर्ट पोलिसांकडे जाणार होता.

“मग त्याला इथे बोलवा,” मी म्हटलं. “स्पीकरवर घरी फोन लावू द्या. क्लिपबद्दल कुणी काही बोलायचं नाही.”

अश्रफ आला. हॉटेलचा एसी टेक्निशियन. सकाळपासून त्याला ट्रेनिंग रूममध्ये बसवून ठेवलं होतं, कारण न सांगता. मराठी ऐकल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, “मॅडम, माझं टर्मिनेशन आहे का?”

“नाही, अश्रफभाई. घरी फोन लावा आणि नेहमीसारखं बोला.”

त्याच्या बायकोने फोन उचलला आणि एका दमात सुरू झाली.

“आता आठवण झाली? ब्लँकेटं मिळाली. लाल आहेत. मी गुलाबी सांगितलेली ना? मुलाची आई काल येऊन बघून गेली. तोंड वाकडं करून गेली! मांडववाला रोज दारात येतोय. तुम्ही तिकडून नुसते म्हणता, बार उडवू, बार उडवू. इकडे मी एकटी किती नाचू?”

“हो गं,” अश्रफ म्हणाला. “अगं, ऐक तरी. साहेब लोक बसलेत.”

“मग साहेबांनाच विचारा लाल कुणी पाठवली ती!”

“काय म्हणतेय?” हॅरिसनी मला हळूच विचारलं.

“ब्लँकेटचा रंग चुकला.”

ते ऐकत राहिले. एक शब्द कळत नव्हता तरी पुढे वाकून ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला. “इनफ. हे कुणी पाठ करून बोलू शकत नाही.”

मला मोठी गंमत वाटली. त्यांना समजेल असं मी जे सांगितलं, त्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. जे अजिबात समजलं नाही, त्यावर बसला.

अश्रफ कामावर गेला. का बोलावलं होतं, हे त्याला कुणीच सांगितलं नाही. मी निघता निघता विचारलं, “इराकमध्ये भाषांतर कोण करायचं?”

“मिळेल तो. शहरातला मुलगा खेड्यातल्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकायचा.”

“आणि मग?”

“मग आम्ही जाऊन दार फोडायचो.”

“आत काय निघायचं?”

हॅरिसनी तो चार वाक्यांचा कागद उचलून दुमडला. “कधी शस्त्रं,” ते म्हणाले. “कधी पाहुणे.”

रिपोर्ट पोलिसांकडे गेला नाही. पण हॉटेलने अश्रफचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. एचआरने मंदीचं कारण दिलं आणि त्या वर्षी ते कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. क्लिपचा त्याच्याशी संबंध होता की नाही, हे मी शोधायचा प्रयत्न केला, पण कळलं नाही. त्याच्या मुलीचं लग्न मात्र मे महिन्यातच झालं, अश्रफचा फोन आला होता.

त्यानंतर अशी कामं अधूनमधून येत राहिली. मी आधी एकच विचारते, याच्या अगोदर आणि नंतर काय बोलणं झालं? बहुतेक वेळा उत्तर येतं, “तेवढंच आहे, मॅडम.” मग मी भाषांतराखाली लिहिते, ‘संदर्भ उपलब्ध नाही,’ आणि सही करते. ती ओळ पुढे कुणी वाचतं की नाही, कल्पना नाही.