तीन मॉनिटर आणि बाबांचा फोटो

मंडळी, आज डिझाइनच्या कामासाठी मॉनिटर घ्यायला गेले होते. रंग खरे दिसतात का ते पारखायला बाबांचा रविवारचा फोटो पेनड्राइव्हवर नेला होता.

पहिल्याच स्क्रीनवर बाबांचे डोळे पिवळे. म्हटलं, "भैया, ये पीला मार रहा है. दूसरा दिखाओ."

दुसऱ्यावरही पिवळे. तिसऱ्यावरही.

दुकानदार म्हणाला, "दीदी, कुर्ता तो सफ़ेद ही दिख रहा है."

खरंच, कुर्ता पांढराशुभ्र होता. मागची भिंतसुद्धा.

काही न घेता गढा भागातल्या आमच्या घरी आले. बाबांना खिडकीपाशी बोलावलं. ते हसले, "काहून? पुन्हा फोटो काढून राहिली का?"

उन्हातही डोळे तसेच होते.

आता डॉक्टरांच्या दारात बसून लिहून राहिले. तुम्ही आपल्या माणसांना शेवटचं उजेडात कधी पाहिलं?