भुगा झालेलं नाव

कैरोच्या आमच्या संग्रहालयात मी टंकलेखिका होते. मेलेल्यांसोबत पुरलेल्या पपायरसच्या गुंडाळ्या दमियाना मॅडम वाचायच्या, अरबीत भाषांतर करायच्या आणि मी ते टाइप करायचे. तीन हजार वर्षांपूर्वीचं ते घाईतलं अक्षर त्या भाच्याचं पत्र वाचावं तसं वाचत. तोंड मात्र फटकळ. "सालवा, हा लेखनिक तुझ्यासारखाच. जेवायची वेळ झाली की अक्षरं गाळतो."

त्या सोमवारी संचालक डॉ. फिक्री खुशीत खोलीत आले. "मॅडम, मिठाई आणा! आपल्या गायिकेच्या पपायरसचा जुना फोटो सापडलाय. परदेशात, कुणा अभ्यासकाच्या ट्रंकेत. तो कोपरा मोडायच्या आधीचा! गुरुवारी हातात येईल."

"वा," मॅडम म्हणाल्या आणि टोपण न लावलेलं पेन त्यांनी पर्समध्ये टाकलं.

ही गायिका अमुन देवाच्या देवळातली. तिच्या पपायरसवर तिचं नाव एकाच ठिकाणी होतं आणि अकरा वर्षांपूर्वी त्याच्या वरखालच्या काचा बदलताना नेमका तोच कोपरा गेला. ठपका आला डागडुजी करणाऱ्या शहाताकाकांवर. चौकशी झाली, त्यांना वाळवंटाकडेच्या एका गोदामात धाडलं, तिथूनच ते निवृत्त झाले. मॅडमनी मात्र भाषांतरात गायिकेचं नाव 'तामीत' दिलं होतं. मोडण्याआधी वाचलं असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो.

मंगळवारी मॅडमनी डबा उघडला नाही. हातात दुसरं पपायरस होतं. त्यात मेलेली बाई स्वतःच्याच काळजाला विनवते, की न्यायाच्या वेळी माझ्यावर उलटू नकोस. मॅडम तिथे थांबल्या.

"पुढे?" मी विचारलं.

त्या उठल्या आणि एवढ्या उकाड्यात खिडकी लावून घेतली. फोन वाजला तशा दचकून भिंतीला टेकल्या. फोन मिठाईवाल्याचा होता.

बुधवारी सकाळी जिन्यातच त्यांनी माझं मनगट धरलं. "शुब्र्याला, शहाताच्या घरी येतेस? एकटीनं पाय उचलत नाहीत."

टॅक्सीत सगळं बाहेर आलं. काचा बदलायच्या दिवशी काका नमाजाला गेले होते, वरची काच काढलेली. मॅडमना धीर निघेना. भिंग घेऊन वाकल्या आणि घड्याळाचा पट्टा कोपऱ्याला अडकला. भुगा झाला. "मी नाव वाचलंही नव्हतं गं. तामीत हे माझ्या मनाचं. उद्या फोटोत खरं नाव दिसेल."

तिसऱ्या मजल्यावर शहाताकाकांनीच दार उघडलं. त्यांच्या बायकोनं, फौकियाबाईंनी, आम्हाला काचेच्या पेल्यातून पुदिन्याचा चहा दिला. काकांना पत्र्याचा मग.

"काचेला हात लावत नाहीत आमचे साहेब," त्या हसल्या. "म्हणतात, माझे हात फुटके."

मॅडमनी पेला खाली ठेवला आणि उभ्यानंच सांगून टाकलं. काकांनी मग खाली ठेवला.

"म्हणजे मी काच बसवली तेव्हा..."

"आधीच मोडलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून भुगा मी खाली सारून ठेवला."

"मला वाटायचं, माझ्या अंगठ्याखाली गेलं. करकर ऐकू आली होती. रोज ऐकू येते." त्यांनी हात उलटेपालटे करून पाहिले. "नात पाच वर्षांची झाली माझी. तिला उचलून घेतलं नाही मी, दमियाना. एकदाही."

अकरा वर्षांपूर्वी ते 'मॅडम' म्हणत.

"चालती हो माझ्या घरातून!" फौकियाबाई ओरडल्या.

"थांब गं," काका म्हणाले. "फिक्रीसाहेबाला सांगणारेस?"

"आजच."

"लेखी दे. तोंडी चौकशीच्या वेळीही खूप झालं होतं."

मॅडमनी कबुली मला टाइप करायला दिली नाही, स्वतःच्या हातानं लिहिली. दुपारी ती फिक्रीसाहेबांच्या टेबलावर होती. साहेब संतापले, "उद्यापासून या खोलीत पाय ठेवायचा नाही!" म्हणाले. पण गुरुवारी पाकीट फोडल्यावर फोटोतलं फिकट अक्षर कुणाला लागेना, तेव्हा मॅडमनाच बोलवावं लागलं. त्यांनी भिंग धरलं, मी त्यांचं कोपर धरून ठेवलं.

"नेसमुत," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

त्यांना पत्रव्यवहार विभागात टाकलं. काकांवरचा ठपका काढल्याचं पत्र मीच शुब्र्याला नेलं. काकांनी ते दोनदा वाचलं, फौकियाबाईंकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं.

"तिला सांग, मी माफ केलेलं नाही. पण आपल्या पायांनी आली होती, हे विसरणार नाही."

मी तसंच सांगितलं. मॅडम पाकिटांवर तिकिटं चिकटवत होत्या. मग म्हणाल्या, "ठपका माझ्या नावावर चढला, सालवा, तरी जिन्यात पावलं वाजली की अजून वाटतं, मला धरायलाच आले." आणि पुढचं पाकीट ओढलं.