डोळे मिटून बसण्याचा तास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली गोष्ट. आमच्या भागात तेव्हा कॉलेज नव्हतं, म्हणून मी परगावी मामाकडे राहून शिकत होते. माझे वडील आमच्याच गावी, कोरीटला, शाळामास्तर होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मुलीला कॉलेजात घालायचं धाडस त्यांनी केलं खरं, पण कोणता विषय कोण शिकवतं याची चौकशी केल्याशिवाय त्यांना चैन पडेना. तत्त्वज्ञानाचे प्रोफेसर उतारवयाचे आहेत असं मामाने कळवलं आणि माझा विषय ठरून गेला.

त्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. प्रोफेसर व्याख्यान इंग्रजीत देत, ते निम्मं डोक्यावरून जाई. पण शनिवारी सकाळी ते पुस्तक बाजूला ठेवत आणि मराठीत बोलायला लागत. "आज काही लिहून घेऊ नका. डोळे मिटा. श्वास येतो आहे, जातो आहे, एवढंच बघा." मागच्या बाकांवर मुलं हसत. एकजण तर खुशाल घोरायचा. त्याच्यावरही ते रागावत नसत. "झोप आली तर झोप आली हे बघायचं," म्हणत.

पहिले काही महिने मी नुसती डोळे मिटून मामीच्या घरातली कामं आठवत बसे. मग केव्हातरी, काही न ठरवता, मन थोडा वेळ गप्प झालं. घंटा वाजली ती मला उशिरा ऐकू आली. त्या दिवशी आपल्याला काहीतरी गवसलं असं वाटलं आणि मी रोज पहाटे बसायला लागले. थोडी ऐटही आली होती. वर्गातल्या दुसऱ्या मुलीला मी आपण होऊन सूचना करायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले. त्या हिवाळ्यात आमच्या घरात एक मूल गेलं होतं. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, नुकता चालायला लागलेला, तापाने गेला. मी तेव्हा परीक्षेत होते, मला उशिरा कळवलं. घरी येऊन पाहते तर त्याचं नावही कोणी काढत नव्हतं. पाळणा माळ्यावर गेला होता. वहिनी उजाडायच्या आधी उठे ती रात्री आडवी होईपर्यंत कामात. सारवलेली जमीन पुन्हा सारवायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची. माय म्हणे, बरं आहे, कामात जीव रमतो तिचा.

मी पहाटे मागच्या ओट्यावर बसायची. वहिनी गोठ्यातून येता-जाता पाहायची. एके दिवशी शेणाची पाटी खाली ठेवून तिने विचारलं, "काय करी ऱ्हायनी तू?"

"श्वास बघते."

"काही दिखस का?"

"दिसत नाही काही. पण मन शांत होतं."

 ती हात धुऊन आली आणि माझ्याशेजारी बसली. मला फार आनंद झाला. प्रोफेसर सांगत तसंच, त्यांच्याच आवाजात मी तिला सांगितलं. तिने डोळे मिटले. चार-सहा श्वास झाले असतील नसतील, ती एकदम उठली.

"नको," ती म्हणाली. "डोया मिटा की तो माले दिखस."

पाटी उचलून ती गेली. मी तिथेच बसून राहिले. मला माहीत असलेलं सगळं एका वाक्यात संपलं होतं. दिवसभर ती कामामागे का लपते हे मला तेव्हा समजलं, आणि मी तिला त्या आडोशातून ओढून बाहेर काढलं होतं. पुढचे दिवस मी ओट्यावर गेलेच नाही.

आठवडाभराने वहिनीच मला उठवायला आली. अजून झुंजुमुंजू होतं. "चाल," म्हणाली. ओट्यावर बसल्यावर मी काही सांगायला तोंड उघडलं, तशी तिने मला थांबवलं. "तू काही बोलू नको. मन्हा हात धर."

मी हात धरला. तिने डोळे मिटले नाहीत, समोरच्या कपाशीच्या मोकळ्या रानाकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती ते पुसत नव्हती. श्वास बघायचं मी विसरून गेले. तिचा हात खरखरीत होता, एवढंच मला कळत होतं.

आतून मायची हाक आली. धार काढायची राहिली होती. उत्तर आलं नाही म्हणून माय चरवी घेऊन दारात आली. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.  पण माय चरवी बाजूला ठेवून वहिनीच्या पलीकडे खाली बसली.

"हिना पहिले माले एक पोऱ्या व्हयना व्हता," माझ्याकडे बोट करून ती वहिनीला म्हणाली. "सव्वा महिनाना व्हता, तवय गया. कोणले सांगू?"

माझ्या आधी घरात एक भाऊ होऊन गेला होता, हे मला विसाव्या वर्षी असं कळलं. वहिनीने मायच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि मोठ्याने रडली. मायने तिला उगी राहा म्हटलं नाही. गोठ्यात गाय हंबरत होती. शेवटी मीच उठून चरवी उचलली.

कॉलेज उघडल्यावर एका शनिवारी, वर्ग सुटल्यानंतर, मी हे प्रोफेसरांना सांगितलं. वहिनीला काय सांगायला हवं होतं, असं विचारलं.  ते म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ. मी आजवर तुमच्यासारख्या पोरांनाच बसवत आलो. कोणाच्या मनात काय आहे ते मी कधी विचारलंच नाही."

पुढच्या शनिवारी त्यांनी वर्गात सांगितलं, "ज्यांना डोळे मिटायचे नसतील त्यांनी उघडे ठेवावेत. आणि ज्याला बसवत नसेल त्याने खुशाल बाहेर फिरून यावं." मागच्या बाकावरचा एक मुलगा, नेहमी सर्वांत जास्त हसणारा, उठून बाहेर गेला. तो का गेला ते मी त्याला कधी विचारलं नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा वहिनी आणि माय चुलीपाशी बसून करंज्या करत होत्या. बोलणं मुलाचंच चाललं होतं. त्याला गूळ किती आवडायचा, डबा कसा बरोबर शोधून काढायचा. सांगता सांगता वहिनीचा आवाज मध्येच अडकला, मग पुन्हा सुरू झाला. मी पोलपाट ओढून त्यांच्यात बसले. वहिनी पुढे माझ्याबरोबर त्या ओट्यावर कधी बसली नाही. मीही तिला बोलावलं नाही.