पुलाखालचे मासे

अबुधाबीत आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ दर शुक्रवारी खाडीवर गळ टाकायचे. मी माझा गळ घेऊन जवळ गेले की म्हणायचे, "वहिनी, इथे खलास! मासे पुलाखाली." तेव्हाची मी शहाणी, नवा गॉगल लावून पुलाशी उन्हात भाजायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. त्यांची पिशवी मात्र भरलेली.

२००८च्या मंदीत त्यांची नोकरी गेली. भारतात परतायच्या आदल्या दिवशी त्यांनीच हाक मारली, "यल्ला, चला वहिनी, माझ्या जागेवर या." आपल्या गळाची विणलेली दोरी हातात दिली. "ही ताणत नाही. माशानं आमिष नुसतं हुंगलं तरी बोटाला कळतं."

कळलंच! मोठा शेरी मासा लागला.

माणूस लबाड की दिलदार, मला अजून उमगलेलं नाही. नातवंडं जागा विचारतात, तेव्हा मी पुलाकडे बोट दाखवते.