अक्कांचं पाणी

दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत आमच्या अक्का पाण्याला शिवत नसत, आणि याला त्या उपास म्हणत नसत. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. दोंडाईच्यातली लहानथोर माणसं त्यांना अक्काच म्हणत. भर उन्हाळ्यात खळ्यावरून आल्या तरी चूळ भरायच्या आणि ते पाणी थुंकून टाकायच्या.

कारण साधं होतं. बायकांनी बाहेर जायचं ते पहाटेच्या अंधारात, नाहीतर दिवेलागणीनंतर, नाल्याकडे. मधल्या वेळात जायला जागा नव्हती, म्हणून मधल्या वेळात प्यायला पाणी नव्हतं. मी नवी नवरी असताना भरदुपारी माठाकडे हात नेला, तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "पे. पन मंग संध्याकाळलोंग बशी ऱ्हाय." मी हात मागे घेतला.

दुखण्याचंही त्या कुणाला सांगत नसत. एकदा चुलीपाशी विंचू चावला, तर आधी भाकऱ्या पुऱ्या केल्या आणि मग आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मांत्रिकाला बोलवायला सांगितलं. आबा म्हणाले, "आधी का सांगितलं नाही?" अक्का म्हणाल्या, "तवा तापेल व्हता."

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. भाद्रपदात अक्कांना हुडहुडी भरून ताप आला. त्या दिवसांत घरोघरी हिवताप असायचा, म्हणून गावातल्या कंपाउंडरने क्विनाइन दिलं. अक्कांचे कान वाजू लागले; ताप मात्र होता तिथेच राहिला. एका संध्याकाळी नाल्याकडे गेलो, तर त्या बाभळीच्या खोडाला कपाळ टेकून उभ्या. डोळ्यांत पाणी. मी विचारत राहिले, तेव्हा कळलं, की लघवीला आग होते, ती लालसर येते, वास येतो आणि उजव्या बरगडीखाली पाठीत कळ मारते. एवढं सांगून म्हणाल्या, "कोनले सांगू नको."

मी घरी येऊन लगेच यांना सांगितलं. पण तो शब्द तोंडातून निघेना, म्हणून म्हटलं, "अक्कांना तिकडचा त्रास आहे." यांनी आबांना तेच सांगितलं. आबांनी विचारलं, "तिकडचा म्हणजे कुठला?" यांनी सकाळच्या मोटारीची वेळ सांगितली. सकाळी अक्का, हे आणि मी धुळ्याला निघालो.

धुळ्याचे डॉक्टर वयस्कर, मोजकं बोलणारे. त्यांनी अक्कांच्या पाठीवर बरगडीखाली तळहात ठेवून वर हलकेच मूठ मारली. अक्का किंचाळल्या. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. डॉक्टरांनी बाटलीत लघवी मागितली, तर म्हणाल्या, "परका माणूसले दखाडानी वस्तू शे का ती?"

"मी दिवसभर तेच पाहतो," डॉक्टर म्हणाले.

अक्कांनी शेवटी बाटली भरून दिली. डॉक्टरांनी त्यातलं थोडं काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. आतलं पाणी ताकासारखं गढूळ झालं, आणि आम्लाचे थेंब टाकूनही निवळलं नाही. मग सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि म्हणाले, "पू आहे. हा हिवताप नव्हे. पाठीत दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं असतात. ती रक्त गाळतात आणि घाण पाण्याबरोबर खाली सोडतात. तुम्ही पाणीच देत नाही. पाट वाहायचा थांबला तर काय होतं?"

"घाण साचस," अक्का म्हणाल्या. शेतीतलं विचारलेलं त्यांना चालत असे.

"तसंच. खालून जंतू शिरले आणि वर मूत्रपिंडापर्यंत पोचले. क्विनाइनने ते मरत नाहीत." त्यावर सल्फाच्या नव्या गोळ्या होत्या. लढाईमुळे त्या मिळायची मारामार, पण डॉक्टरांकडे होत्या. "यांच्यावर भरपूर पाणी लागतं, सोडा घालून. नाहीतर या गोळ्यांचेच खडे आत बसतील. आणि बरं वाटेपर्यंत इथेच राहायचं. उठायचं नाही, भांडं खाटेपाशीच."

अक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मंग माले घर लई चला. मी तठेच मरसू." उद्या भाजी कुठली करायची ते सांगावं, तशा सुरात.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. मला पाचवा महिना होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही किती पाणी पिता?"

"अक्कांइतकंच."

"पोटुशीला हे दुखणं लवकर जडतं. मग मूल दिवस भरण्याआधी येऊ शकतं."

मग अक्का म्हणाल्या, "मन्ही पहिली आंडेर सातवा महिनामा उनी व्हती. तवय बी असाच ताप व्हता. पानीन्या आसरा लागन्यात, असं बठ्ठा गावनी सांगं." मला अशी एक नणंद होऊन गेल्याचं ठाऊकच नव्हतं. "डॉक्टर, हाईच व्हतं का ते?"

"आता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "असू शकेल."

अक्का कशाबशा उठून बसल्या. त्यांच्यासाठी भरलेला पेला उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "पे."

मी प्याले. दुसरा पेला त्यांनी गोळीबरोबर घेतला, गुळवेलीचा काढा घेतल्यासारखं तोंड करून.

भांड्यामुळे पहिले दिवस अवघड गेले. त्या भिंतीकडे तोंड करत, मीही करी. हळूहळू ताप उतरला, पाठीतली कळ थांबली. नळीतलं पाणी उकळूनही स्वच्छ राहू लागलं, तेव्हाच डॉक्टरांनी घरी सोडलं, आणि हे दुखणं उलटतं, असंही बजावलं.

घरी आल्यावर अक्कांनी गोठ्यामागे मातीच्या भिंतींचा आडोसा बांधायला घेतला. आबा कापसाच्या दलालांना घेऊन तिकडून येत होते. "हे काय काढलं?" त्यांनी विचारलं.

"बायास्नी मूतानी जागा," अक्का म्हणाल्या.

दलालांनी गोठ्याच्या वाशांची पाहणी सुरू केली. आबा त्यांना वाशांची माहिती देऊ लागले. महिनाभरात शेजारच्या बायका विरजण मागायच्या निमित्ताने दुपारच्या येऊ लागल्या. अक्का त्यांना विरजणही देत.

माझी मुलगी पूर्ण दिवसांची झाली. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतल्यावर अक्कांनी तिची बोटं एकेक उलगडून पाहिली आणि काही न बोलता पुन्हा मिटली.

पुढे यांना जळगावला नोकरी लागली. स्टेशनवर पोचवायला अक्का आल्या होत्या. गाडी हलली, तशा पदर खोचून खिडकीबरोबर चालू लागल्या.

"पोरले ताप उना ते अंगारा लाई बसू नको. डॉक्टरले दखाड. आनि बठ्ठं सांग. लाज वाटनी तरी सांग."

डब्यातली माणसं आमच्याकडे पाहत होती. फलाट संपेपर्यंत त्या बोलत होत्या. त्यांची माझी ती शेवटची भेट. पौषात त्या न्यूमोनियाने गेल्या.