धोंडुबाईचं बियाणं आणि धुराचा नळ

आटपाडीच्या धोंडुबाईचं नाव निघालं की माणसं आधी कौतुक करतात. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडून घर जगवलं, पण तुळईला टांगलेल्या बियाण्यातलं एक कणीस कुणाला खाऊ दिलं नाही. खरंच आहे ते. तिच्या सुनेचं नाव मात्र कुणी घेत नाही. मी घेतो.

सून विजयमाला. नवरा सयाजी फौजेत, वर्षाकाठी एकदा सुट्टीवर यायचा. घर माळवदाचं, चुलीच्या वर छताला एक भोक, तेवढीच धुराला वाट. ओल्या फाट्यांच्या धुरानं विजयमालाचे डोळे चिघळले, एकात फूल पडलं. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, हा गेला. दुसरा वाचवायचा तर धुराजवळ फिरकू नका. धोंडुबाईनं ऐकून घेतलं आणि घरी येताच तिला चुलीपुढं बसवलं. माहेरी पाठवायलाही ती तयार नव्हती. मग भाकरी कुणी थापायच्या, हा तिचा सवाल.

विजयमालाचा भाऊ कृष्णात सांगलीच्या विश्रामबागेत बांधकामावर गवंडी होता. बहिणीला नेता येत नाही तर धूर बाहेर नेऊ म्हणत तो शिमग्यानंतर सिमेंटचा नळ एसटीच्या टपावर टाकून आला. जुनी चूल फोडली, शेण-भुसा घालून मळलेल्या मातीची नवी घातली. वैलाच्या, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या तोंडाच्या, मागून नळ काढून छताच्या त्याच भोकातून वर नेला. तापून लाकूड पेटू नये म्हणून तुळईपासून वीतभर लांब धरला, भोवतीची फट चिखलानं बुजवली, वर पावसासाठी पत्र्याची टोपी बसवली. चूल पुरती वाळल्यावर पेटवली. धूर गुमान नळातून गेला. विजयमालाला कित्येक दिवसांनी तव्यावरची भाकरी फुगताना नीट दिसली आणि ती हसली. निघताना त्यानं बजावलं, महिन्याला नळ झाडा, तुंबू देऊ नका, आता धुराला दुसरी वाट नाही.

धोंडुबाईचं लक्ष वर तुळईकडं होतं. धुरात काळं पडलेलं बियाणं किडत नाही, म्हणून तिची ज्वारीची कणसं चुलीवर टांगलेली असायची. आता धूरच नव्हता. वैशाखात कणसांतून पीठ गळू लागलं, सोंडकिडे लागले. ते पीठ तळहातावर घेऊन ती रडली. दुष्काळात जिच्या डोळ्याला पाणी आलं नाही ती बाई! मग मिरच्या वाळवायचं निमित्त करून ती माळवदावर चढली, टोपी काढली, नळात फाटकं पोतं कोंबलं आणि टोपी होती तशी बसवली.

घर धुरानं कोंदलं. विजयमालाला वाटलं, भावाचं काम फसलं. सासू म्हणाली, तुझ्या भावाला गवंडी केलं कुणी? भावाची लाज जाऊ नये म्हणून या पोरीनं त्याला कळवलंच नाही. असल्या मायेची मला अजून चीड येते. पोर फुंकणी घेऊन चुलीत तोंड घालत राहिली.

नागपंचमीला कृष्णात तिला न्यायला आला, तेव्हा तिनं नुसतं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. घरात कोंदलेला धूर बघून तो सरळ माळवदावर गेला. काजळीनं भरलेलं पोतं त्यानं धोंडुबाईपुढं आणून टाकलं. ती डगमगली नाही.

"बी गेलं आसतं तर काय खाल्लं आसतं?" ती म्हणाली. "डोळं एकीचं गेलं. प्वाट समद्यांचं हाय."

कृष्णातनं बहिणीचा हात धरला, पण ती उंबऱ्यावरच थांबली. नवरा दिवाळीला येणार होता, तो आला की बघू म्हणाली. कृष्णात एकटाच परत गेला आणि पोतं पुन्हा नळात गेलं.

सयाजी दिवाळीला आला. आईनं सगळं ठरवूनच ठेवलं होतं. त्यानं विजयमालाला एका शब्दानं विचारलं नाही, शालूबाईशी दुसरं लग्न लावून घेतलं. नवी सून पहिल्याच दिवशी चुलीपुढं बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली, खोकू लागली. धोंडुबाईनं तिला दंडाला धरून उठवलं.

"तू ऊठ, बाई. तुझं डोळं चांगलं हायती. हिला बसू दे. हिचं आता धूर काय करणार?"

विजयमाला भिंतीला धरून आली, बसली आणि फुंकणीसाठी हात पुढं केला. शालूबाईनं ती तिच्या हातात दिली.