उठवायचं राहून गेलं

आमच्या ह्यांना कुणी काही मागितलं की नाही म्हणता येत नाही. त्यामुळे त्यांच्या ऑफिसातल्या इंग्रज साहेबानं "आमच्या नाचात मरशील का?" असं विचारलं, तेव्हा हे हो म्हणून बसले.

साहेब इथे कतारमध्ये उम्म सलाल मोहम्मदला एका कंपाउंडमध्ये राहायचा. त्याच्या गावात दर हिवाळ्यात तलवारींचा नाच होतो. इथल्या ओळखीच्या इंग्रजांना जमवून तो त्यानं डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी हिरवळीवर बसवला. तलवारी म्हणजे लाकडाच्या पट्ट्याच. कतारी लोकांच्या नाचात तलवार ज्याची त्याच्या हातात असते. साहेबाच्या नाचात एकाच्या तलवारीचं टोक दुसऱ्याच्या मुठीत, असं सहा जणांचं कडं, आणि ते न सोडता एकमेकांच्या हाताखालून निघायचं. सगळे ढेरपोटे, धापा टाकणारे. मला हसू आवरेना.

मग त्या पट्ट्या एकमेकींत अडकून त्यांची चांदणी झाली. ती मधे उभ्या केलेल्या ह्यांच्या गळ्यात घातली, सगळे गोल फिरले आणि एकदम आपापली पट्टी ओढून मोकळे झाले. हे गवतावर कोसळले. पुढे एक खोटा डॉक्टर येतो, बाटलीतलं औषध पाजतो आणि मेलेला उठतो, असं साहेबानं आधी सांगितलं होतं. पण डॉक्टर होणाऱ्या गृहस्थाला ऐनवेळी प्लांटवरून फोन आला आणि तो गाडी काढून निघून गेला. साहेब हसून म्हणाला, "खलास!" टाळ्या झाल्या. हे आपले आपणच उठले आणि पँट झटकायला लागले.

साहेबाची म्हातारी आई तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. "कुणी उठवल्याशिवाय उठायचं नसतं," ती मला इंग्रजीत म्हणाली. रत्नागिरीकडे आमच्या गावात शिमग्याचं सोंग घेणाऱ्याला हेच बजावतात. सोंग स्वतःच्या हातानं उतरवायचं नाही, घरच्या माणसानं डोळ्यांना पाणी लावून उतरवायचं. पण मी पडले शिकलीसवरलेली, ह्यांच्या पाठीचं गवत झटकून घरी निघाले.

अल नस्रच्या आमच्या फ्लॅटमध्ये जे परत आले ते वागायला नीटच होते. ऑफिसला जात, जेवत. पण आमटीत मीठ नसलं तरी बोलत नसत, आणि एरवी चष्म्यापासून मोज्यांपर्यंत सगळ्यासाठी मला हाका मारणाऱ्या माणसाची एक हाक येईना. संध्याकाळी आले की हॉलमधल्या गार फरशीवर उताणे पडायचे, हात सरळ, डोळे मिटलेले. श्वास चालतोय ना, म्हणून मी नाकापुढे बोट धरायची. कॉलेजातली मुलगी म्हणाली, "ही इज जस्ट टायर्ड, आई." दवाखान्यातही रक्त तपासून तेच सांगितलं. माझं मन मानेना. गवतावरून उठून आलेला हा माणूस माझा नाही, एवढंच मला कळत होतं, आणि त्याच्याशेजारी झोपायची मला भीती वाटायची.

शेवटी लाज सोडून मी साहेबाला फोन केला आणि तो खोटा डॉक्टर घरी पाठवून द्या म्हटलं. डॉक्टर होणारा तो गृहस्थ नाताळासाठी मायदेशी गेला होता. साहेबाला वाटलं मी थट्टाच करतेय. म्हटलं, बरं, त्यांच्या गावाची रीत नाही तर आपल्या गावाची.

त्याच संध्याकाळी हे फरशीवर पडले, तशी मी वाटीत पाणी घेऊन शेजारी बसले. ओली बोटं त्यांच्या दोन्ही डोळ्यांवरून फिरवली आणि गावात म्हणतात तसं म्हटलं, "सोंग उतरलं, चला आता घरला."

बराच वेळ काही झालं नाही. मी वाटी उचलून उठणार, तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. डोळे उघडले होते आणि चेहरा रडवेला झाला होता.

"अगं, होतीस कुठे?" ते म्हणाले. "कधीपासून हाका मारतोय मी तुला."